राजवटी जातात, भाषा राहते

'रशियन शिकून पुढं काय करणार?' कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाकडं वळणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न घरात हमखास ऐकावा लागतो. विचारणाऱ्याचं तरी काय चुकतं? फी भरणाऱ्याला नोकरी दिसायला हवी असते. डॉ. मेघा पानसरे यांनी याच विद्यापीठात रशियन शिकवण्यात आपली कारकीर्द घातली. अशा अध्यापकाला या प्रश्नाचं उत्तर एकदाच देऊन भागत नाही. दर काही वर्षांनी काळ बदलतो आणि जुनं उत्तर लागू पडेनासं होतं.

सोव्हिएत काळात उत्तर सोपं होतं. भिलाईचा पोलाद कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला होता, दुभाष्यांना मागणी होती. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं अगदी स्वस्तात आपल्याकडं मिळायची. 1991 मध्ये सोव्हिएत संघच मोडला आणि पुस्तकांचा तो ओघ आटला. 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. आता रशियन म्हटलं की अनेकांना आधी रणगाडे आठवतात.

फळ्यावरची तेहतीस अक्षरं मात्र तीच आहेत. निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, नामाला विभक्ती लागते, हे ऐकून मराठी मुलगा बिचकत नाही, कारण त्याच्या घरच्या भाषेचीही तीच तऱ्हा आहे. व्याकरणाचा डोंगर चढला की पलीकडं चेखव भेटतो, पुश्किन भेटतो. आजच्या युक्रेनमध्ये जन्मून रशियनमध्ये लिहिणारा गोगोलही भेटतो. हे तिघेही झारशाहीत लिहून गेले. झार गेले, सोव्हिएत सत्ता गेली, पण या लेखकांची पानं जिवंत राहिली. राज्यकर्ता वेगळा आणि त्याची प्रजा वेगळी, ही समज विद्यार्थ्यात मुरवणं हेच रशियनच्या शिक्षकाचं खरं काम.

कोल्हापूरला रशियनशी असं नातं परकं नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे लेखक अण्णाभाऊ साठे. शाळा त्यांच्या वाट्याला जवळपास आलीच नाही. पण त्यांचं लेखन रशियनमध्ये गेलं, 1961 मध्ये ते स्वतः तिकडं जाऊन आले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. सप्टेंबर 2022 मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. वारणाकाठची माणसं तिकडच्या वाचकाला कळली, ती कुणीतरी भाषा शिकायचे कष्ट घेतले म्हणून.

तेव्हा घरातलं पोर उद्या एखादी लांबची भाषा शिकायची म्हणालं, तर पगाराचा आकडा जरूर विचारा. पण त्या भाषेत कोण कोण लिहून गेलं, हेही त्याच दमात विचारा. पगाराचं उत्तर दर दहा वर्षांनी बदलेल, दुसरं उत्तर त्याला जन्मभर पुरेल.