विसरणारा कोण?

नोव्हेंबर १९०१. फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात एक्कावन्न वर्षांच्या ऑगस्टे डेटरला डॉ. आलोइस अल्झायमर नाव विचारतात. ती सांगते, ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? जरा घुटमळून ती पुन्हा म्हणते, ऑगस्टे.

१९०६मध्ये ती वारली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मेंदूत पेशींबाहेर साचलेली पुटे आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता दिसला. अल्झायमरच्या आजाराची ओळख पटली ती अशी. पण हा आजार म्हणजे म्हातारपण नव्हे. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीने साठीची उगाचच बदनामी केली आहे. निरोगी म्हातारपणात मेंदूतल्या पेशी काही घाऊक मरत नाहीत. त्यांच्या फांद्या आखडतात, पेशीपेशींमधले सांधे विरळ होतात, आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस थोडा आक्रसतो. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडते ते यामुळे. शब्दसंपदा मात्र बराच काळ शाबूत असते. शब्दकोड्यात आजोबा नातवाला सहज हरवतात.

ऑगस्टेच्या उत्तराने तत्त्वज्ञांची मात्र पंचाईत होते. इंग्रज विचारवंत जॉन लॉक याने १६९४मध्ये असे मांडले की, माणसाची जाणीव भूतकाळात जिथवर पोहोचते तिथवर तो ‘तोच’ माणूस. मग लग्न विसरलेल्या बाईचे लग्न झालेलेच नाही का? अद्वैत वेदान्ताला ही अडचण येत नाही. स्मृती अंतःकरणाची, अंतःकरण जड, आणि हे सारे पाहणारा साक्षी आत्मा या सगळ्यापलीकडचा. तर्क बिनतोड आहे. फक्त विसरणाऱ्या वडिलांच्या उशाशी बसलेल्या मुलीला निर्गुण साक्षी नको असतो. वडील हवे असतात.

अशा घरच्यांनाच विचारावे, असे नीना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकल्स या अमेरिकी संशोधकांना वाटले. मेंदूचे किंवा मज्जातंतूंचे आजार झालेल्या रुग्णांच्या २४८ आप्तांना त्यांनी विचारले, तुमचा माणूस अजून तोच वाटतो का? २०१५मध्ये निष्कर्ष छापून आले. स्मृती गेल्याने माणूस परका वाटतोच असे नाही. परका वाटतो तो दया, सचोटी, आपुलकी आटली की.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या आजारात नेमके तेच आटते. कपाळामागचा आणि कानांलगतचा मेंदू झिजतो, तोही बरेचदा साठीच्या आतच. तारखा, हिशेब, पाहुण्यांची नावे सुरुवातीला पाठ असतात; पण कालपर्यंतचा सालस गृहस्थ चारचौघांत अचकट बोलतो, दुकानातली वस्तू खिशात घालतो, बायको रडत असली तरी जेवत राहतो. ‘हे आमचे हे नव्हेतच,’ असे म्हणायची पाळी तिच्यावर येते.

आज डॉक्टर डिमेन्शियाला ‘स्मृतिभ्रंश’ म्हणतात. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथला विसरणारा आजारी नाही. विषयांचा ध्यास, आसक्ती, काम, क्रोध, संमोह अशा पायऱ्या तो उतरत येतो. तिथे ताबा आधी सुटतो, स्मृती नंतर. या गृहस्थाचाही ताबा आधी सुटला, पण त्याने कसलाच ध्यास घेतला नव्हता. झिजल्या त्या पेशी. मनोविकारामुळे आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक आहे हे ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी भारतीय दंड संहितेत कलम ८४ होते. भारतीय न्याय संहितेत ते २२ झाले. पण दुकानातली वस्तू खिशात घालणे चूक आहे हे या गृहस्थाला विचारल्यावर सांगता येते, आणि तरी हात थांबत नाही. तिथे कलमही अडखळते. चित्रगुप्ताने ही चोरी कोणाच्या नावावर मांडायची?