आधी कोणतं कासव ते सांग

उभा राहा. वही उघडी ठेव, सगळ्यांना दिसू दे. ‘माझ्या कासवाचे आदर्श घर.’ अक्षर चांगलं काढलंस, समासही आखलास. काचेची पेटी, तळाला निळे-गुलाबी खडे, कोपऱ्यात प्लास्टिकचा माड, मागे थर्मोकोलचा डोंगर. आहाराच्या रकान्यात भात, कोबी, बिस्किट. दोन पानं भरलीस. पण कासव कोणतं, हे एका ओळीतही नाही.

‘कासव म्हणजे कासव, बाई.’ असं म्हणालास ना मघाशी? नववीत बसतोस आणि असं उत्तर देतोस! सुकी रानं तुडवणारं कासव वेगळं, तळ्यात राहणारं वेगळं, समुद्रातलं आणखी वेगळं. एकाला जे घर मानवतं, त्यात दुसरं मरतं. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी पोराने जमिनीवरच्या कासवासाठी केलेली पेटी पाहिलीस आणि जशीच्या तशी उतरवून काढलीस.

तू काढलेला फोटो मी नीट पाहिला, तुझ्यापेक्षा नीट पाहिला. पाठीवर खवल्यांच्या चौकटी नाहीत, नुसतं मऊ, ओलसर कातडं. नाक नळीसारखं पुढे आलेलं. अंग चिखलात ठेवून तेवढंच वर काढायचं आणि श्वास घ्यायचा, म्हणून ते तसं. पोटाकडून पाहिलं असतंस तर मागच्या पायांपाशी दोन झडपा दिसल्या असत्या. पाय आत ओढले की त्या मिटतात. हे आपल्या शेतातलं, तळ्यातलं झडपांचं कासव. पुस्तकी नाव लिसेमिस पंक्टाटा, वहीत लिहून घे. मृगाचा पाऊस लागून व्हाळ वाहू लागले, चढणीचे मासे वर यायला लागले की हेही मळ्यात, पाटात, कधी डांबरी रस्त्यावरही दिसतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलात गाडून घेऊन पडून राहतं. डिचोलीच्या बाजारातून आणलेल्या निळ्या खड्यांत ते काय गाडून घेणार?

खड्यांचंच आधी बोलू. या जातीच्या पिल्लाला मऊ गाळ लागतो, बारीक रेती लागते. खरबरीत खड्यांवर पोट घासून कातडी सोलवटते, जखम चिघळते. बरं, तोंडात जाईल एवढा खडा असला तर गिळतंही. काच त्याला कळत नाही. पलीकडचं दिसतं, म्हणून दिवसभर नाक आपटत राहतं, आणि तुम्ही म्हणता, ‘बघा, किती खेळतंय!’ पाणी दोन दिवसांत गढूळ झालं म्हणून नळाखाली पेटी धरलीस. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, हे याच वर्गात शिकवलंय मी. गढूळ दिसतं ते एक वेळ चालेल. त्याच्या विष्ठेतून आणि सडलेल्या भातातून पाण्यात जो अमोनिया साठतो तो दिसत नाही, आणि घात तोच करतो.

आणि भात कशाला? ते काय देवळातल्या महाप्रसादाला आलंय? गोगलगायी, बेडकांची पिल्लं, बारीक मासळी, किडे, मेलेलं काहीबाही, जोडीला पाण्यातली वनस्पती, हे त्याचं खाणं. शेतातली घाण उचलणाऱ्या प्राण्याला तू ग्लुकोज बिस्किट भरवतोस. खात नाही म्हणून आजी दुधाचं बोट लावते, असंही तूच सांगितलंस. आजींना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, कासवाची आई पिल्लाला दूध पाजत नाही.

पेटी खिडकीत ठेवलीय, ऊन मिळतं, असं ठणकावून सांगत होतास. आता कान उघडे ठेवून ऐक. कासवाची पाठ म्हणजे वर चढवलेलं झाकण नव्हे. त्याचा कणा आणि फासळ्याच पसरून ती बनलेली असते. मऊ पाठीच्या कासवाचंही कातड्याखाली हाडच. पिल्लाचं हाड वाढायला कॅल्शियम हवं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं, आणि त्यासाठी उन्हातली अतिनील किरणं हवीत. नेमकी तीच खिडकीच्या काचेत अडतात. म्हणजे तुझ्या पेटीत उजेड आला, ताप आला, उपयोगाचं तेवढं आलं नाही. मग पेटी उचलून गच्चीवर ठेवावी म्हणशील, तर वीतभर पाणी भर दुपारी तापतं आणि पिल्लाला पळायला सावली नसते. आपल्यासारखं घाम गाळून अंग थंड करणं त्याला जमत नाही. उन्हातून सावलीत, पाण्यातून चिखलात, अशी जागा बदलणं एवढा एकच उपाय त्याच्यापाशी असतो. चार काचांत कोंडून तोही काढून घेतलास.

आता कायदा. बसू नको, उभाच राहा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 मध्ये सुधारला, 1 एप्रिल 2023 पासून सुधारित स्वरूपात लागू झाला. तुझं हे कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. असा प्राणी पकडणं, पाळणं, विकणं, खाणं हा गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, आणि दंड पंचवीस हजारांपासून पुढे. रानातला असा प्राणी ही सरकारची मालमत्ता. काही कारणाने हाती आलाच तर 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा वन खात्याला कळवायला हवं. तू ते गुरुवारी बांधावरून उचललंस. आज सोमवार. गणित तरी येतं ना?

रडू नकोस. पोराला तुरुंगात घालायला कोणी निघालेलं नाही. मला राग तुझ्यापेक्षा घरच्यांचा आलाय. वडील म्हणाले म्हणे, ‘राहू दे, निदान मोबाइल सोडून काहीतरी करतोय.’ म्हणजे पोराच्या हातातला मोबाइल सुटावा म्हणून एक जीव पेटीत घालायचा. हीच माणसं देवळात गेली की सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून तो कपाळाला लावतात. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन बेडूक मारायला जाणारेही तेच असतात म्हणा. पण तो विषय आज काढला तर तास पुरणार नाही.

आणि तुझा तो मामा. ‘हे नको तर चांदण्यांचं आणून देतो, म्हापशात ओळख आहे, घरात ठेवलं की पैसा येतो.’ पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात, ते. ते कासव आपल्या गोव्याचं नव्हेच. राजस्थान, गुजरात, आंध्र, तामिळनाडू, कर्नाटकाचा कोरडा भाग, श्रीलंका, असल्या झुडपी माळांवरचं ते. मोजे, पिशव्या, सूटकेस यांत कोंबून त्याची तस्करी चालते, म्हणून 2019 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद केला, आणि आपल्याकडेही ते आता पहिल्याच अनुसूचीत आहे. आपल्या आषाढातली ओल त्याला सोसत नाही. नाकातून फेस येतो, छाती भरते. पैसा येतो तो विकणाऱ्याच्या घरी. मामांना सांग, बाईंनी विचारलंय, ओळख कोणाची ते पोलिसांसमोर सांगाल का?

मागच्या बाकावरून कोण पुटपुटलं, ‘परदेशी कासव पाळायला चालतं’? ऊठ, तूही ऊठ. चालतं, पण फुकट चालत नाही. आफ्रिकेचं काटेरी मांडीचं कासव दुकानात लिंबाएवढं दिसतं आणि पुढे 40-50 किलोचं होतं. तुझं लग्न होऊन तुझी पोरं या शाळेत येतील तरी ते जिवंत असेल. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीतल्या अशा प्राण्यांची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारी पोर्टलवर करावी लागते. कागद असले तरी त्याचं घर म्हणजे काय, ते ऐक. काचेची पेटी नको. आरपार न दिसणारी लाकडी, लांबरुंद पेटी. एका टोकाला 32 ते 35 अंश ऊब, दुसऱ्या टोकाला पाच-सात अंश कमी, म्हणजे हवं तिकडे ते स्वतः जाईल. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही, म्हणून अतिनील किरणांची नळी दिवसाचे दहा-बारा तास. ती जळत असली तरी वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड टिकतो, किरणं टिकत नाहीत. तळाला माती आणि नारळाचा काथ्या, दडायला एक दमट कोपरा, हनुवटीच्या वर चढणार नाही एवढं पाणी उथळ ताटलीत. खायला गवत, जास्वंदीचा पाला, फुलं. पालक रोज नको, फळं नकोत. हाडासाठी समुद्रफेस, केरी-हरमलच्या किनाऱ्यावर वाहून आलेला सापडतो, स्वच्छ धुऊन ठेवायचा. बुरशी येते, म्हणून पावसाळ्यात माती वरचेवर बदलायची. वीज गेली की काय करायचं, तेही आधी ठरवायचं. आणि वर्षभरात ही पेटी लहान पडली की अंगण. आहे कोणाकडे साठ-सत्तर वर्षांसाठी मोकळं अंगण? मग बसा खाली.

लाल कानाचं छोटं पाणकासव तर आणखी फसवं. मोठं झालं, घाण करू लागलं की लोक ते तळ्यात सोडून देतात, आणि स्वतःला दयाळू समजतात. जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात 1997 मध्येच थांबवली. तुमच्यातल्या कोणी मयेच्या तळ्यात असलं काही सोडलेलं मला कळलं, तर पालकांना बोलावीन.

तुझ्या धाकट्या बहिणीने ते पिल्लू हातात घेऊन मग वडापाव खाल्ला, हेही सांगितलंस, वर हसलास. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. कासव धडधाकट दिसतं आणि मूल जुलाबाने आडवं होतं. लहान मुलं पिल्लं तोंडाला लावतात, त्यातून आजार होतात, म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांची विक्रीच बंद केली. आज घरी जाऊन तिचे हात साबणाने धुवायचे, पेटी मोरीत धुवायची नाही, आणि जेवणाच्या ओट्यावर तर नाहीच नाही.

राहिली तुझी मांद्र्याची मावशी. वाळूत सापडलेलं समुद्री कासवाचं पिल्लू बादलीत मीठ घालून ठेवते म्हणे, मोठं झालं की सोडणार. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीसाठी किनारी नियमांत नावानिशी राखलेत. मोरजीला टेंबावर कोळी बांधव आणि वन खातं रात्र-रात्र घरट्यांची राखण करतात. पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा पोटातल्या बलकाच्या जोरावर लाटांपलीकडे निघालेलं असतं. तो जोर बादलीत कडेकडेने फिरण्यात संपला की समुद्रात पोहायला उरत नाही. मावशीला लगेच फोन कर. पुढचा तास गणिताचा आहे, सरांना मी सांगते.

आता तुझ्या कासवाचं. शाळा सुटेपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच घरी जायचं. बागेतली प्लास्टिकची बादली घे, रुंद तोंडाची. तळाला ओला चिखल, पिल्लाची पाठ भिजेल एवढंच विहिरीचं पाणी. वर भोकं पाडलेलं झाकण किंवा ओलं गोणपाट. सावलीत ठेव, अन्न घालू नको, पोरं गोळा करू नको, फोटो पुरे झाले. वन खात्याला मी फोन लावते. कुठल्या बांधावरून उचललंस ती जागा तू त्यांना नेऊन दाखवायचीस, कारण कुठे सोडायचं ते तेच ठरवणार आणि ती जागा तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. ‘रागावतील’ म्हणून मये सांगितलंस आणि होतं नार्वे, असलं चालणार नाही. वडिलांना बोलावून घे, तेही बरोबर येतील. शिपाईमामांना बादली माग, आणि पळत जा, व्हरांड्यात गप्पा मारत उभा राहू नको.