मुलाची इच्छा ही कोणाची ठेव?

वाढदिवस जवळ आला की मुलांच्या इच्छांची यादी महाजालावर मांडून ती आप्तेष्टांस धाडण्याचा प्रघात हल्ली पडत आहे. हेतू निर्दोष आहे. एकच पुस्तक तिघांकडून येत नाही. परंतु ‘मला दुर्बीण हवी’ असे बालक आजीस सांगते तेव्हा ते विश्वास टाकते. तेच वाक्य नाव, जन्मतारीख व पत्त्यासह व्यापाऱ्याच्या वहीत उतरले की तो बाजाराचा माल होतो. ही ठेव मुलाची आहे. आईबाप तिचे विश्वस्त होत, धनी नव्हेत.

भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. मात्र संमती देणारे आपणच. म्हणून विवेकही आपलाच हवा. जे साधन मुलाच्या नावे खाते मागत नाही, जन्मतारीख विचारीत नाही, यादी आपण निवडलेल्या मंडळींसच दाखविते आणि कार्य उरकताच ती पुसू देते, तेच आम्ही स्वीकारार्ह मानतो.

आणि यादी धाडण्यापूर्वी मुलासही विचारावे. त्याच्या होकाराची गरज कायद्यास नसेल, वात्सल्यास आहे.