दस्तरखानावरचा न्याय

आमच्या घरी दस्तरखान अंथरले की मटणाच्या बोट्या आधी अब्बांच्या आणि आम्हा भावांच्या ताटात पडत. अम्मी आणि बहीण शेवटी जेवत. त्यांच्या वाट्याला रस्सा उरे. त्यात कुणाला अन्याय दिसला नाही. मलाही नाही.

2006 साली सच्चर समितीचा अहवाल आला. शिक्षण, नोकऱ्या, कर्ज यांत आपण किती मागे आहोत, हे त्याने दाखवले. आपण सरकारला जाब विचारला, ते योग्यच होते. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी 54 जणींना रक्तक्षय आढळला. त्यात सगळेच समाज आले. आहारात लोह कमी पडणे हे त्याचे एक मोठे कारण. याचा जाब फक्त सरकारलाच विचारायचा का?

निवडणुकीत पुढारी मोहल्ल्यात येतो. आपण कब्रस्तानची भिंत मागतो. अंगणवाडीत मुलांचे वजन वेळेवर होते का, हे विचारत नाही. वर्गात थकून बसणारी मुलगी ‘अभ्यासात कच्ची’ ठरते, शाळा सोडते आणि सासरी तीही शेवटी जेवते.

ज्याला घरात नीट वाटता येत नाही, त्याने विधानसभेत न्याय्य वाटा कोणत्या तोंडाने मागावा? हक्क जरूर मागू या. पण आज रात्री पहिले ताट लेकीला वाढून.