दुखणं गेल्यानंतरची पाठ

आज लोकल गाठायची नाही, असं धरून चाला. अंबरनाथ पूर्वेला शिवमंदिराच्या आवारात या. महाशिवरात्रीची गर्दी नसलेला साधा दिवस आहे. चपला बाहेर काढल्यात. तळव्यांना दगड लागू द्या. दोन श्वास तसेच जाऊ द्या.

आता दोन्ही हात मागे न्या. कमरपट्ट्याच्या उंचीवर, मणक्याच्या दोन्ही अंगांना अंगठे टेकवा. दाबू नका. जागच्या जागी संथ चाला. उजवा पाय उचला, टेकवा. डावा उचला, टेकवा. अंगठ्याखाली काहीतरी टणक होतं आणि सैल पडतं, आळीपाळीने. दोन्ही बाजू सारख्या जाणवतात का? उत्तर नाही आलं तरी चालेल. हात तिथेच असू द्या.

मागच्या वेळी उसण भरली, तो दिवस आठवा. बादली उचलायला वाकलात आणि चमक आली. चार दिवस शेक, मलम, पट्टा. पाचव्या दिवशी पुन्हा गाडीत दादरपर्यंत उभ्याने. घरी विचारलं, “आता दुखतंय का?” तुम्ही नाही म्हणालात आणि विषय तिथेच मिटला. काही महिन्यांनी तीच कंबर पुन्हा धरली. मीही प्रत्येक वेळी दोष बादलीलाच दिला होता.

इथे जास्त वेळ थांबू या.

तुमच्या अंगठ्याखालच्या भागात, अगदी मणक्याला लागून, मल्टिफिडस नावाचा स्नायू आहे. ऑस्ट्रेलियात ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या 39 जणांचा हा स्नायू सोनोग्राफीने मोजला. दुखऱ्या बाजूला तो बारीक झालेला होता. पुढे दुखणं थांबलं, माणसं कामाला लागली. पण ज्यांना खास व्यायाम दिला नव्हता, त्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही पूर्ववत झालेला नव्हता. हे 1996 मध्ये छापून आलं. वर्षभरानंतरचा हिशेब असा: व्यायाम न केलेल्यांपैकी 84 टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली, व्यायाम केलेल्यांपैकी 30 टक्के लोकांची. माणसं थोडी होती, हे खरं. तरी मला हा फरक विसरता येत नाही.

हात सोडा. मंदिरात चला. 1060 सालचा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ. इथे गाभाऱ्यात जायला सभामंडपातून पायऱ्या उतराव्या लागतात. सावकाश उतरा. प्रत्येक पायरीला धड पुढे झुकू पाहतं आणि पाठ ते मागून धरून ठेवते. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. तुम्हालाही एरवी कळत नाही.

खाली पोहोचलात की डोळे मिटा. एक चाचणी फक्त मनात करा; अंग दुखत असताना घरी करून बघू नका. पालथे झोपला आहात. कमरेखालचं अंग पट्ट्यांनी बाकाला बांधलंय, कमरेवरचं अधांतरी आहे. हात छातीवर घेतलेत. धड आडव्या रेषेत धरून ठेवायचं, जास्तीत जास्त 240 सेकंद. डेन्मार्कच्या बीरिंग-सोरेनसेन यांच्या 1984 च्या अभ्यासात ज्या पुरुषांना हे जास्त वेळ जमलं, त्यांची कंबर पुढच्या वर्षात पहिल्यांदा दुखण्याचं प्रमाण कमी निघालं. मनातल्या मनात सेकंद मोजा. तीस. चाळीस. कुठे थरथर सुरू झाली असती? आकडा लहान आला तर त्यात लाज नाही. व्यायाम कुठून सुरू करायचा, ते त्यावरून ठरतं.

डोळे उघडा. पायऱ्या चढून वर या.

पायातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. एरवी, कंबर पुन्हा पुन्हा धरत असेल, तर काहीच दुखत नसेल अशा एखाद्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टकडे जा आणि म्हणा, “आज दुखत नाहीये. पाठीची ताकद मोजून द्या.”