उचंत खाते

दोष कोणाचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानी मंडळींनी उगीचच अवघड करून ठेवला आहे. आमच्या घरी तो अडीच मिनिटांत निकाली निघतो. दूध उतू गेले, तर ज्याचा त्या वेळी फोन आला त्याचा दोष. आमटी खारट झाली, तर मिठाचा. मुलाला गणितात कमी मार्क पडले, तर माझ्या घराण्याचा. एवढी वाटणी होऊन जो काही दोष शिल्लक उरतो, तो महिनाअखेर माझ्या नावे पडतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेली बावीस वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. (२०२४ पासून कागदोपत्री आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. काउंटरपलीकडचा माणूस मात्र अजून ‘ओ साहेब, किती वेळ?’ एवढेच म्हणतो.) तेव्हा ही पद्धत मला मान्य होती. फरक पडला की तो कुणाच्या तरी नावे टाकायचा आणि घरी जायचे.

गेल्या मे महिन्यात कुंभार्ली घाटात या पद्धतीने मला तोंडावर पाडले. तेव्हापासून मनाला जी एक टोचणी लागली आहे, ती काही जात नाही.

सासुरवाडी चिपळूणची, आम्ही राहतो कऱ्हाडला. मे महिन्यात तिकडे जायचे आणि येताना आंब्याच्या पेट्या, फणस, कोकम आणि सासूबाईंच्या सूचना एवढे सामान घेऊन घाट चढायचा, हा आमचा वार्षिक कार्यक्रम. गाडी सेकंडहँड, डिझेलची आणि टर्बो. घेताना विकणारा खालच्या आवाजात म्हणाला होता, ‘साहेब, टर्बो आहे.’ मीही ‘अस्सं!’ म्हणालो. स्थळ बघताना ‘मुलगा परदेशात असतो’ असे कुणी म्हटले की आपण म्हणतो ना, तसे.

टर्बो म्हणजे काय, ते पैसे देऊन झाल्यावर वाचले. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या एका स्विस इंजिनियराने इंजिनातून वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावायची युक्ती काढली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चाक फिरते. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असते, ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त गेली की डिझेल जास्त जाळता येते, आणि तेवढ्याच इंजिनातून जास्त जोर मिळतो. ही चाके मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतात. आमच्या बँकेत एवढे फेरे फक्त कर्ज मागायला आलेला माणूस घेतो.

तर पोफळी मागे पडली आणि घाट सुरू झाला. पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेचे पाणी कोसळून टर्बाइनची अवाढव्य चाके फिरवते. त्याच डोंगराच्या पाठीवर माझ्या गाडीतल्या मुठीएवढ्या चाकाने नेमके अंग काढून घेतले. समोर पिवळा दिवा लागला. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी ‘बघते, सांगते’ अशा सरकारी सुरात हुंकारली आणि दुसऱ्या गियरमध्ये रांगू लागली. मागे ट्रकांची रांग लागली. मग एक एसटी आम्हाला ओलांडून गेली. खिडकीतल्या आजींनी आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की मी काच वर केली.

गाडी चढत नव्हती, पण माझे डोके भराभर चढत होते. पहिल्या वळणाला मी चिपळूणच्या पंपावरच्या पोऱ्याला दोषी ठरवला. डिझेलमध्ये पाणी असणार. भरताना तो हसला होता. दुसऱ्या वळणाला फणसाला. हा आरोप मी मनातच केला, कारण फणस माहेरचा होता. तिसऱ्या वळणाला मला खरा गुन्हेगार सापडला. आदल्या दिवशी हिच्या बहिणीचा मुलगा गाडी घेऊन गुहागरला जाऊन आला होता. वय वर्षे एकवीस. आणखी काय पुरावा हवा?

घाटमाथ्यावर गाडी टेकली. भज्यांची ऑर्डर द्यायच्या आधी मी त्याला फोन लावला.

‘काल गाडी कशी चालवलीस?’

‘नीटच चालवली, काका.’

‘नीट चालवली असतीस तर टर्बो गेला असता का?’

तो काहीतरी सांगू लागला. मी म्हणालो, ‘परक्याची वस्तू वापरायची तर जरा अक्कल लागते.’

पलीकडे तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘चुकलं असेल, काका.’

या मुलाचे वडील तो चार वर्षांचा असताना गेले. तो आजोळीच वाढला. ‘परका’ हा शब्द त्याच्याशी बोलताना त्या घरात कुणी वापरत नाही, आणि तसे कुणाला सांगावेही लागत नाही. फोन ठेवला तेव्हा ही दरीकडे बघत होती. भजी गार झाली. मला मात्र निदान अचूक झाल्याचे समाधान होते.

दुसऱ्या दिवशी गाडी कऱ्हाडच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथे बसायला सोफा आणि प्यायला कॉफी होती, तेव्हाच मला आकड्याचा अंदाज यायला हवा होता. शर्टावर इस्त्री असलेल्या मुलाने गाडीला लॅपटॉप जोडला आणि म्हणाला, ‘पी ०२९९. टर्बो गेला. अडुसष्ट हजार.’ यंत्रानेच कबुली दिल्यावर मी काय बोलणार? मला वाटले, चला, भाच्याचा गुन्हा कागदावरही शाबीत झाला.

अडुसष्ट हजार ही रक्कम माणसाला दुसरे मत घ्यायला लावते. आमच्या शाखेचे एक जुने खातेदार मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी तो कागद पाहिला, घडी घालून माझ्या खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘साहेब, हा कोड म्हणतो की टर्बोचा दाब जेवढा पाहिजे तेवढा येत नाही. का येत नाही, ते तो म्हणत नाही. तापमापक ताप सांगतो, मलेरिया सांगतो का?’

मग त्यांनी बॉनेट न उघडताच प्रश्न सुरू केले. जोर हळूहळू कमी झाला की एकदम? एकदम. ‘म्हणजे काहीतरी निसटलंय, फाटलंय नाहीतर अडकलंय. काजळी धरली, फिल्टर तुंबला, तर गाडी आधीपासून कुरकुरते.’ काळा धूर? नाही. निळा? नाही. ‘निळा म्हणजे ऑइल जळतंय, तो असता तर टर्बोवर संशय घेतला असता.’ शिट्टीसारखा, हवा सुटल्यासारखा आवाज? नाही. ‘मग मोठे पाइप बहुतेक शाबूत आहेत.’ बंद करून पुन्हा सुरू केली तर? थोडा वेळ बरी चालते, मग परत दिवा.

‘हां,’ म्हणाले, ‘म्हणजे संगणकानेच तिला लंगडी केलीय.’

मला हे नवीन होते. चाचांनी समजावून सांगितले. दाबात काहीतरी गडबड आहे एवढेच गाडीतल्या संगणकाला दिसते. कारण ठाऊक नसते. तेव्हा तो इंजिनाचा जोर आपण होऊन उतरवतो. घरापर्यंत किंवा गॅरेजपर्यंत पोचाल एवढाच ठेवतो, म्हणजे आणखी नुकसान व्हायला नको. इंग्रजीत त्याला ‘लिंप मोड’ म्हणतात.

नंतर त्यांनी बॉनेट उघडले. आधी स्वस्तातले आणि हाताला येणारे, महागातले शेवटी, असा त्यांचा क्रम. मोठे पाइप चाचपले, जोडांवर ऑइल आहे का पाहिले. मग बोट एका काळ्या, बारीक रबरी नळीवरून फिरत गेले आणि थांबले. नळीचे टोक मोकळे लोंबत होते. या नळीतून हवेची ओढ पोचते आणि त्या ओढीवर टर्बोचा दाब सांभाळणारा दांडा हलतो. नळी निसटली की दांडा हलत नाही आणि टर्बो धडधाकट असूनही दाब देत नाही. त्यांनी तरीही एक पाइप सोडून टर्बोचा दांडा बोटाने हलवून पाहिला. घट्ट होता. काही झाले नव्हते.

‘इथली क्लिप कुठाय?’ चाचा म्हणाले. ‘फिल्टरच्या डब्याला अलीकडे कुणाचा हात लागलाय?’

वाचकहो, ती क्लिप कुठे आहे ते मला ठाऊक होते. ती आमच्या घरी, जुन्या किल्ल्या ठेवायच्या डब्यात होती. चिपळूणला जायच्या आधीच्या रविवारी मोबाइलवर एक व्हिडिओ बघून मी स्वतः एअर फिल्टर साफ केला होता आणि मजुरीचे तीनशे रुपये वाचवले होते. सगळे परत बसवल्यावर एक क्लिप उरली होती. कंपनीने जादाची दिली असेल म्हणून मी ती जपून ठेवली.

चाचांनी नवी क्लिप लावली, स्टिअरिंगखाली एक हातात मावणारे यंत्र जोडले आणि बटण दाबून कोड पुसून टाकला. दिवा गेला, जोर आला. शंभर रुपये आणि एक चहा. मी मात्र तिथेच उभा राहिलो, कारण मला एकाएकी २००३ साल आठवले.

तेव्हा मी नोकरीला नवा होतो. एका संध्याकाळी कॅश नऊशे रुपयांनी कमी आली. कुणीतरी म्हणाले, नोटांचा ट्रे आत शिपायाने नेला होता. मग सगळ्यांसमोर शिपाईमामांना खिसे उलटे करायला सांगितले. पन्नाशीचा माणूस. खिशातून तपकिरीची डबी, एसटीचा पास आणि औषधाची चिठ्ठी निघाली. बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात की फरकाला नवाने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी. नऊशेला नवाने भाग जातो. हे मला येत होते. मी इतरांची व्हाउचर्स तपासली. माझी तपासली नाहीत, कारण ती माझी होती! दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. ५,४०० रुपये दिले होते, मी नोंद ४,५०० ची केली होती. मॅनेजर म्हणाले, ‘चला, टॅली झालं.’ सगळे हसले. शिपाईमामांनी नेहमीसारखे सर्वांना पाणी दिले. मलाही दिले, आणि मी ते प्यायलो.

आमच्या धंद्यात ‘उचंत खाते’ नावाची एक सोय आहे. इंग्रजीत सस्पेन्स अकाउंट. एखाद्या रकमेचा उलगडा होत नसेल तर ती उगीच कुणाच्याही नावे टाकायची नसते. उलगडा होईपर्यंत उचंत खात्यात ठेवायची. घाटात गाडीच्या संगणकाने नेमके हेच केले. फरक दिसला, कारण कळेना, तेव्हा त्याने कुणावर आळ न घेता स्वतःचा जोर कमी केला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून फरक दिसताच माझा जोर वाढवला. आणि तो कुणावर? शाखेत शिपायावर, घाटात बिनबापाच्या मुलावर. मोठ्या गॅरेजातल्या मुलाने निदान सगळ्यांत महाग भागाला दोषी ठरवले. आम्ही सगळ्यांत स्वस्त माणूस शोधतो.

कुणी म्हणेल, मग दोष कुणालाच द्यायचा नाही का? तसे नव्हे. उचंत खाते म्हणजे विसरून जायचे खाते नव्हे. ऑडिटर आला की आधी तेच उघडतो आणि जुनी रक्कम दिसली की खडसावतो. शोध घ्यायचाच. फक्त चाचांच्या क्रमाने घ्यायचा, आणि सगळ्यांत हाताजवळचे व्हाउचर म्हणजे आपले स्वतःचे, ते आधी काढायचे. टर्बोवर खोटा आळ घेतला तर पैसे जातात, पण टर्बोला वाईट वाटत नाही. माणसाच्या बाबतीत पैसे वाचतात, म्हणून आपण तपास करत नाही.

त्याच संध्याकाळी मी भाच्याला फोन केला आणि क्लिपसकट सगळे सांगितले. ‘जाऊ द्या हो काका,’ म्हणाला. हसलासुद्धा. हिने माझ्या ताटात न मागता आंबा वाढला. मला वाटले, टॅली झाले.

पण बँकेत चुकीची नोंद खोडायची नसते. उलट नोंद करायची असते, आणि मूळ नोंद शेजारी जशीच्या तशी दिसत राहते. पुसून टाकायचे बटण फक्त चाचांच्या यंत्राला आहे. शिपाईमामा केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्या बाबतीत तर मी उलट नोंदसुद्धा केलेली नाही.

त्यानंतर गणपतीत आम्ही चिपळूणला गेलो, दिवाळीतही गेलो. दोन्ही वेळा मी गाडीची किल्ली भाच्यासमोर ठेवली आणि म्हणालो, ‘गुहागरला जाऊन ये की.’ दोन्ही वेळा तो म्हणाला, ‘नको काका, एसटीनं बरं पडतं.’ बोलतो पूर्वीसारखाच. येताना आंब्याच्या पेट्या उचलून गाडीत ठेवायचा, तसे या खेपेस फराळाचे डबे ठेवले, आणि दार हलकेच लावले. फार हलकेच, दुसऱ्याच्या गाडीचे लावतात तसे.