काही झालं नाही ना, मग?

गेल्या जुलैत आम्ही डेन्व्हरहून कॅम्पर ओढत डोंगरापलीकडे गेलो आणि चार दिवसांनी सुखरूप परत आलो. मी, बायको, चार वर्षांची लेक आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. फोटो छान आलेत. तरीही त्या प्रवासात माझ्या हातून एक चूक झाली असं मला वाटतं, आणि घरात ते कुणालाच पटत नाही. म्हणून तुमच्यापुढे मांडतो.

आमचा पिकअप पेट्रोलवर चालणारा, मध्यम ताकदीचा. जाहिरातीत त्याची ओढायची क्षमता ९,००० पौंड आहे. आमचा कॅम्पर पाणी-सामानासकट ६,००० पौंड भरतो. म्हणजे भरपूर झालं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. पण गाडी किती ओढू शकते आणि स्वतःच्या अंगावर किती वाहू शकते, हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. माणसं आणि सामान मिळून आमच्या गाडीला १,४८० पौंड चालतात. ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भाग हिचवर, म्हणजे पिकअपच्याच मागच्या बाजूवर टेकलेला असतो. तो तसा असावाच लागतो, कमी पडला तर ट्रेलर डुलायला लागतो. आमचा तो भार ७५० पौंड. हिचचं लोखंड १००. पाच माणसं आणि लेकीची सीट मिळून ६६०. मागे लाकडं, कूलर आणि सायकली २५०. बेरीज १,७६०. म्हणजे २८० पौंड जास्त, सव्वाशे किलोंहून अधिक.

ही बेरीज मी परत आल्यावर केलेली नाही. निघायच्या आदल्या रात्री केली होती. मग जाहिरातीतले ९,००० पुन्हा एकदा पाहिले आणि झोपलो. तो आकडा काढताना गाडीत प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसं धरतात, हे मला ठाऊक होतं. मी संशोधनावर पोट भरणारा माणूस. एखाद्या विद्यार्थ्यानं सोयीचा आकडा ठेवून गैरसोयीचा गाळला असता, तर मी त्याला परत पाठवलं असतं.

आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंच आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, त्यामुळे चढावर आम्ही ट्रकांच्या रांगेत रांगत होतो. त्याचं काही नाही, चढावर फार तर उशीर होतो. खरी परीक्षा बोगद्यानंतरच्या लांब उतारावर झाली. ब्रेक तापू नयेत म्हणून खालचा गिअर टाकला, तसं इंजिन किंचाळायला लागलं. आई म्हणाली, "अरे, गाडी रडतेय का?" मागचं वजन ढकलत होतं, आणि मागचा भाग दबल्यामुळे पुढची चाकं हलकी पडून स्टिअरिंग सैल वाटत होतं. बाजूनं एक मोठा ट्रक गेला तेव्हा कॅम्पर एकदा डुलला आणि सावरला. पुढच्या लेनमध्ये एक छोटी कार होती, मागच्या सीटवर दोन मुलं. त्यांना मी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर हे सांगितलं, तर बाबा म्हणाले, "आपल्याकडे दुप्पट माल भरून ट्रक घाट उतरतात. आपल्याला काही झालं नाही ना? मग?"

डब्ल्यू. के. क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानं १८७७ मध्ये श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या सुरुवातीला एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला कळतं. पण इतक्या सफरी पार पडल्या, तशी हीही पडेल, अशी तो मनाची समजूत घालतो आणि माणसांनी भरलेलं जहाज सोडतो. जहाज बुडतं. तो दोषी, हे आपण सहज म्हणतो. क्लिफर्ड पुढे विचारतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तर? त्याचं उत्तर असं की दोष तसूभरही कमी होत नाही, फक्त तो उघडकीला येत नाही. समोर जो पुरावा होता, त्यावर तसं मानायचा त्या मालकाला अधिकारच नव्हता.

तुम्ही म्हणाल, बनवणारे थोडी जास्तीची ताकद ठेवतातच की. ठेवतात. पण ती मला न कळणाऱ्या गोष्टींसाठी असते: आडवा वारा, कमकुवत टायर, पुढच्यानं अचानक दाबलेला ब्रेक. मला आधीच ठाऊक असलेल्या २८० पौंडांसाठी नव्हे. ती गंगाजळी त्या रस्त्यावरच्या सगळ्यांची आहे, आणि मी ती कुणाला न सांगता खर्च केली.

बाबांना मी एवढंच आठवण करून दिलं की खंडाळ्याच्या घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या ट्रकवाल्यांवर तेच चिडायचे. "डिझेल वाचतंय याचं आणि जीव जाणार दुसऱ्याचा," असं म्हणायचे. बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तो ट्रकवाला परका होता रे."

मला वाटतं, सगळी मेख इथेच आहे. परक्याचा धोका आपल्याला डोळ्यांनी दिसतो. आपल्या धोक्याला आपण अनुभव म्हणतो, आणि प्रत्येक सुखरूप फेरी त्या अनुभवात जमा करत जातो. दहा वेळा काही झालं नाही, याचा अर्थ दहा वेळा वजन बरोबर होतं असा होत नाही.

या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले. टाकी रिकामी नेली, लाकडं तिथेच विकत घेतली, सायकली घरी ठेवल्या. तरीही बेरीज जुळेना. शेवटी बायकोनं आई-बाबांना दुसऱ्या कारमधून आणलं. नातीशेजारी बसायला मिळालं नाही म्हणून आई दोन दिवस नाराज होती. निघण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन करून घेतलं. ते मर्यादेत होतं.

प्रवासात काही झालं नाही. तसं ते गेल्या वर्षीही झालं नव्हतं.